पनवेल : बंदर, वाट आणि कारभार

मुंबई बंदराच्या पूर्वेला शिरलेली खाडी जिथे उथळ होते आणि गाढी नदीचे पाणी तिच्यात उतरते, तिथे पनवेल वसले आहे. पूर्वेला माथेरान आणि प्रबळगडाचे डोंगर, दक्षिणेला कर्नाळ्याचा सुळका, उत्तरेला तळोज्याकडचा कासाडी नदीचा सखल पट्टा आणि पश्चिमेला उरणची बाजू व मुंबईचे बंदर अशी या गावाची चतुःसीमा. नकाशावर हा टापू लहान दिसतो, पण कोकण आणि देश यांना जोडणारी एक अतिशय महत्त्वाची वाट याच पट्ट्यातून जाते. मुंबईहून येणारे गलबत इथवर येऊ शकत होते, त्यापुढे नाही. बोरघाटाकडे निघालेल्या माणसाला इथूनच बैल, घोडा किंवा पालखी धरावी लागे. समुद्रवाट संपण्याची आणि घाटवाट सुरू होण्याची ही जागा. पनवेलचा व्यापार, त्याच्यावरून झालेल्या लढाया आणि त्याच्या कारभाराचे आजचे गुंतागुंतीचे रूप यांची मुळे या एका गोष्टीत सापडतात. वाट पनवेलातून जात राहिली. तिच्यावरचा अंमल मात्र बहुधा दुसऱ्याच गावी बसलेल्यांचा होता.

तालुक्याची जमीन सह्याद्रीच्या काळ्या दगडाची. डोंगरातून उतरणाऱ्या नद्या आखूड आणि वेगवान आहेत. गाढी माथेरानच्या कुशीत उगम पावते, गाढेश्वर आणि नेरे या गावांवरून पनवेलला येते आणि काळुंद्री नदीचे पाणी घेऊन खाडीला मिळते. दक्षिणेकडून पाताळगंगा वाहते. ती आपट्यावरून धरमतरच्या खाडीकडे जाते. पाऊस वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पडतो आणि त्यातला जवळपास सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. डोंगरावर अतिवृष्टी आणि खाडीला उधाणाची भरती या दोन गोष्टी एकाच वेळी आल्या की नदीच्या पाण्याला पुढे जायला जागा राहत नाही, ते मागे फुगते आणि गावात शिरते. २६ जुलै २००५ रोजी असेच झाले. उन्हाळ्यात याच गावाला पाण्याची चणचण भासते. गाढीवरचे देहरंग धरण नगरपालिकेने स्वतःच्या मालकीचे बांधले. राज्यातल्या फार थोड्या नगरपालिकांना असे स्वतःचे धरण लाभले, पण गाळ साचत गेला, वस्ती वाढत गेली, आणि आज शहराला पाताळगंगेसारख्या बाहेरच्या पाण्यावर मोठ्या प्रमाणात विसंबावे लागते.

डोंगर आणि खाडी यांच्या मधली सपाट जमीन बऱ्याच अंशी माणसाच्या हातची आहे. भरतीचे खारे पाणी जिथवर पसरते ती खाजणे. त्यांना मातीचे आणि दगडाचे बांध घालून समुद्र बाहेर ठेवला की काही वर्षांत पावसाच्या पाण्याने जमिनीतले मीठ धुऊन निघते आणि भात उभे राहते. या जमिनीला खार म्हणतात. खाडीच्या बाजूचा मोठा बांध हा तिचा जीव. त्याच्यात ठिकठिकाणी 'उघड्या', म्हणजे पाणी सोडण्याच्या मोऱ्या, ठेवलेल्या असतात. ओहोटीला उघडीच्या लाकडी फळ्या आतल्या पाण्याच्या दाबाने सुटतात आणि पावसाचे पाणी बाहेर पडते. भरती आली की बाहेरच्या पाण्यानेच फळ्या घट्ट मिटतात. एखादा खेकडा बांधात बीळ करतो, त्यातून पाणी झिरपू लागते, आणि वेळीच चिखल भरला नाही तर एका उधाणात खांड पडते. खांड पडली की पुढची दोन-तीन पिके गेली असे शेतकरी धरून चालतो, कारण मीठ पुन्हा धुऊन निघायला तेवढे पावसाळे लागतात.

ही बंदिस्ती कुणा एका माणसाच्या आवाक्यातली नव्हती. म्हणून तिच्याभोवती एक स्वतंत्र जमीन-व्यवस्था उभी राहिली. पदरचा पैसा घालून खार बांधणाऱ्याला सरकार काही वर्षे सारा माफ करी किंवा कमी आकारी. त्या मोबदल्यात तो बांध राखी आणि कुळांकडून बिघ्यामागे ठरावीक भात घेई. ही शिलोत्री पद्धत. पेण-पनवेलच्या पट्ट्यात ती विशेष रुजली. इंग्रजी अमलात सारा-पद्धत बदलली, शिलोत्रदारांचे अधिकार आणि जबाबदाऱ्या दोन्ही आटत गेल्या, आणि बांध कुणी राखायचा हा प्रश्न अधांतरी राहिला. कोकणच्या शेतीचे या एका बदलाने केलेले नुकसान इतिहासाच्या पुस्तकांत फारसे येत नाही. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा खार जमीन कायदा आला, पुढे १९७९ चा खारभूमी विकास कायदा आला. खार जमिनीवर संशोधन करणारे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे केंद्र पनवेललाच आहे. खारेपणा सोसणाऱ्या 'पनवेल-१', 'पनवेल-२' आणि 'पनवेल-३' या भाताच्या जाती त्याच केंद्राने दिल्या. त्याआधी शेतकऱ्यांच्या हाती होते ते मुंडा आणि रता यांसारखे तांबड्या दाण्याचे जुने भात.

जिथे भात येत नाही तिथे मीठ पिके. उरण-पनवेलच्या किनाऱ्याने मिठागरे पसरलेली होती. आगरी समाजाचे जगणे भात, मीठ आणि मासे या तिन्हींवर उभे होते. खाडीच्या मुखाशी कोळ्यांची वस्ती, किनाऱ्याच्या गावांत आगरी आणि कराडी, गावठाणात ब्राह्मण, प्रभू, वाणी, कोकणी मुसलमान, कच्छी आणि गुजराती व्यापारी, बेने इस्रायली तेली, आणि डोंगराच्या पायथ्याला ठाकूर व कातकरी अशी ही मिश्र वस्ती बंदरामुळे जमली. बेने इस्रायलींचे बेथ एल हे प्रार्थनामंदिर पनवेलला १८४९ पासून उभे आहे. इस्रायल राष्ट्र झाल्यावर त्यांतली बहुतेक कुटुंबे तिकडे गेली, पण प्रार्थनामंदिर राहिले. २००५ च्या पुरात त्यातल्या तोरा गुंडाळ्या भिजून खराब झाल्या.

बंदराचा जुना इतिहास तुटक मिळतो. सोळाव्या शतकात हा भाग अहमदनगरच्या निजामशाहीकडे होता आणि किनाऱ्यावर पोर्तुगीजांचा वचक होता. १५४० मध्ये निजामशहाने गुजरातच्या सुलतानाच्या ताब्यातला कर्नाळा घेतला. गुजरातच्या बाजूने वसईच्या पोर्तुगीज कप्तानाकडे मदत मागितली. पोर्तुगीजांनी गड जिंकला आणि पुढे खंडणी ठरवून निजामशहाला परत केला. गड लहान आहे, त्यावर मोठे सैन्य राहू शकत नाही. त्याचे मोल त्याच्या जागेत होते. पनवेलहून पेणकडे आणि पुढे दक्षिण कोकणात जाणारी वाट त्याच्या पायथ्यावरून जाते, आणि सुळक्यावर बसलेल्या पहारेकऱ्याला मुंबई बंदरातली हालचाल दिसते. सतराव्या शतकाच्या मध्यात कल्याण-भिवंडीबरोबर हा पट्टा शिवाजी महाराजांच्या हाती आला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या २३ किल्ल्यांत कर्नाळा होता. १६७० मध्ये मराठ्यांनी तो परत घेतला. चढाई करताना त्यांनी मातीचे आडोसे उभे करीत टप्प्याटप्प्याने पुढे सरकण्याची पद्धत वापरली, अशी नोंद आहे.

पेशवाईत पनवेल कल्याण सुभ्यात मोडत होते. तांदूळ आणि मीठ घाटावर जाई, घाटावरून कांदा, गूळ, तेलबिया आणि कापूस खाली येई. वाहतूक बैलांच्या पाठीवरून. वंजाऱ्यांचे तांडे पावसाळा संपला की सुरू होत आणि ज्येष्ठ लागायच्या आत परत फिरत. मुंबईच्या इंग्रजांना पुण्याशी बोलायचे असो की पुण्यावर चालून जायचे असो, दोन्हींची सुरुवात पनवेलच्या धक्क्यावरून होत असे.

ही गोष्ट १७७८ मध्ये सगळ्यांच्या ध्यानात आली. राघोबादादांना पेशवाईवर बसवण्यासाठी मुंबई सरकारने फौज काढली. कॅप्टन स्ट्युअर्टची पुढची तुकडी नोव्हेंबरात आपट्याच्या बाजूने येऊन बोरघाटावर चढली आणि मुख्य फौज पनवेलला उतरली. लढणारी माणसे चार हजारांच्या आत, पण त्यांच्या सामानासाठी १९,००० बैल होते. एवढे लटांबर घेऊन पनवेलहून घाटमाथा गाठायला महिनाभर लागला. तोवर मराठ्यांनी पुढची गावे ओस पाडली, वैरण जाळली, विहिरी बुजवल्या. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ स्ट्युअर्ट मारला गेला. मावळात 'इष्टूर फाकडा' म्हणून त्याचे नाव अजून घेतले जाते. त्याच महिन्यात वडगावला इंग्रजांना मानहानीचा तह करावा लागला. दोन वर्षांनी जनरल गॉडार्डने हाच प्रयोग पुन्हा केला. १७८१ च्या फेब्रुवारीत त्याने बोरघाट घेतला, पण घाटाखालून पनवेलहून येणारी रसद हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांनी तोडायला सुरुवात केली. एप्रिलात गॉडार्डला माघार घ्यावी लागली. खंडाळ्यापासून पनवेलपर्यंतच्या त्या माघारीत त्याची चारशेहून अधिक माणसे ठार किंवा जखमी झाली. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वर्णनात वडगाव नेहमी येते. पनवेल ते खोपोली हा पस्तीसेक किलोमीटरचा पट्टा कमी येतो, पण मराठ्यांची युद्धपद्धती इथे अधिक स्पष्ट दिसते.

वाट ज्याच्या ताब्यात, पुणे त्याच्या आवाक्यात, हा धडा इंग्रजांनी घेतला. १८०४ च्या सुमारास आर्थर वेलस्लीने पनवेल ते बोरघाट हा लष्करी रस्ता सुधारून घेतला. जानेवारी १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने कर्नाळा घेतला. त्या वेळी गडाचे किल्लेदार अनंतराव फडके होते. पेशवाई बुडाल्यावर १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम याने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. तोवर घाटात चाक चालत नव्हते. आता बैलगाडी पुण्याहून थेट पनवेलच्या बंदरापर्यंत येऊ लागली आणि गावाचे दिवस पालटले.

त्या काळचा मुंबई ते पुणे प्रवास असा होई. मुंबईहून भरती साधून मचवा किंवा पडाव निघे, वारा अनुकूल असला तर काही तासांत पनवेलची खाडी गाठे. भरती चुकली तर गलबत चिखलात रुतून बसे आणि पुढच्या भरतीची वाट पाहावी लागे. धक्क्यावर उतरल्यावर पालखीचे भोई, घोडे किंवा गाडी ठरवायची, रात्र पनवेलला काढायची आणि पहाटे चौकमार्गे खोपोलीकडे निघायचे. १८०९ मध्ये मारिया ग्रॅहॅम आणि १८२५ मध्ये बिशप हेबर याच वाटेने गेले आणि दोघांनी आपल्या प्रवासवर्णनांत या वाटेबद्दल लिहिले. सरकारी टपालही पनवेलवरूनच जाई.

या गाडीरस्त्याने पनवेलला एक धंदा दिला, तो म्हणजे बैलगाडीची चाके. घाटावरून माल घेऊन आलेला गाडीवान परतताना ऐपत असेल तर पनवेलहून नव्या चाकांची एक जोडी विकत नेई. जुन्या गॅझेटियरांनी पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून याचीच नोंद केली आहे. त्याला कारणही सरळ होते. घाट उतरताना जुन्या चाकांचा जीव निघत असे, लाकूड जवळच्या डोंगरातून येई, लोखंड मुंबईहून गलबताने येई, आणि गिऱ्हाईक दारात उभे असे. चाक करणे हे सुतार आणि लोहार या दोघांचे जोडकाम. मधला तुंबा बाभळीसारख्या चिवट लाकडाचा, कारण सगळे ओझे त्याच्यावर. त्यात आरे ठोकून बसवायचे. बाहेरच्या बाजूने वाकदार पुठ्ठे जोडायचे, एकेका पुठ्ठ्यात दोन-दोन आरे. सांध्यात बोटभरही फट राहिली तर चाक घाटात डुलते. मग लोहार 'धाव' चढवी. लोखंडी पट्टीचे हे कडे चाकाच्या घेरापेक्षा जरासे लहान करायचे, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईतो तापवायचे, सांडशीने उचलून तिघा-चौघांनी चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. लोखंड आवळले की सगळे सांधे एकमेकांत दाबले जात आणि चाक एकसंध होई. हे काम पनवेलच्या कारागिरांनी इतके चांगले साधले होते की देशावरच्या गाड्या पनवेलच्या चाकांवर धावत.

व्यापाराने गाव भरले. आजही टपाल नाका, उरण नाका, मिरची गल्ली, लाईन आळी, कच्छी मोहल्ला ही नावे जुन्या बाजारपेठेची रचना सांगतात. गावात वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे अशी तळी होती. खाडीकाठच्या गावात गोड्या पाण्यासाठी तळ्यांशिवाय इलाज नव्हता. वडाळे तळ्याच्या काठी बल्लाळेश्वराचे देऊळ आहे. आसपासच्या डोंगरांत औषधी वनस्पती विपुल. पुराणिक घराण्याने १८७२ मध्ये इथे सुरू केलेली श्री धूतपापेश्वर ही औषधशाळा त्या वनस्पतींच्या आणि शास्त्रोक्त वैद्यकाच्या बळावर वाढली आणि तिने पनवेलचे नाव देशभर नेले.

गावाची भरभराट मोडली ती रेल्वेने. १८५६ मध्ये रुळ कल्याणमार्गे खोपोलीला आले. १८६३ मध्ये बोरघाटातला चढ पूर्ण झाला आणि मुंबईचा माणूस गाडीत बसून थेट पुण्याला उतरू लागला. पनवेलला उतरण्याची गरज संपली. जी जागा वाहन बदलण्यासाठी होती, तिचे काम वाहन बदलावे लागेनासे झाल्यावर उरले नाही. तांदूळ, मीठ, मासळी आणि चाके यांवर बाजार तगून राहिला, पण पुण्याची वाट गेली. पुढची सुमारे शंभर वर्षे पनवेल एक तालुक्याचे गाव म्हणून राहिले.

कारभाराच्या बाबतीत मात्र गाव पुढे होते. १८५० च्या कायद्याने एखाद्या गावच्या रहिवाशांना मागणी करून नगरपालिका स्थापन करता येऊ लागली. पनवेलची नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. सुरुवातीच्या नगरपालिका सरकारी अधिकारी आणि नेमलेले प्रतिष्ठित नागरिक यांच्या होत्या. रस्ते झाडणे, दिवे लावणे, तळी स्वच्छ ठेवणे आणि जकात वसूल करणे एवढाच त्यांचा पसारा. लोकनियुक्त सदस्यांचा भाग लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर हळूहळू वाढला.

गावाच्या वरची व्यवस्था मात्र वारंवार हलली. पेशवाईनंतर हा भाग उत्तर कोकण जिल्ह्यात, म्हणजे ठाण्याच्या कलेक्टराकडे होता. दक्षिणेला आंग्र्यांचे कुलाबा संस्थान १८४० च्या दशकात खालसा झाले आणि १८६९ मध्ये कुलाबा हा वेगळा जिल्हा झाला. पनवेल १८८३ मध्ये ठाण्यातून काढून कुलाब्याला जोडले गेले. कर्जतही १८९१ मध्ये तिकडे गेले. मुख्य ठाणे अलिबागला. मुंबईकडे तोंड करून बसलेल्या गावाचा कारभार धरमतरच्या खाडीपलीकडून चालू लागला. १ जानेवारी १९८१ पासून जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

पनवेल कुलाब्याला जोडले गेले त्याच १८८३ सालच्या १७ फेब्रुवारीला एडनच्या तुरुंगात वासुदेव बळवंत फडके वारले. ते पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे, ४ नोव्हेंबर १८४५ चा जन्म, कर्नाळ्याच्या किल्लेदार अनंतरावांचे नातू. १८७६-७७ च्या दुष्काळात दख्खनची दैना पाहून त्यांनी रामोशी, कोळी आणि इतरांना जमवून बंड उभारले. १८७९ च्या मे महिन्यात त्यांचा साथीदार दौलतराव नाईक याची टोळी घाट उतरून पनवेलजवळच्या पळस्पे आणि चिखले या गावांवर आली. लूट मोठी मिळाली, पण परतताना टोळीला गाठले गेले आणि दौलतराव मारला गेला. बंडाची कंबर तिथे मोडली. फडक्यांना जन्मठेपेची शिक्षा देऊन एडनला पाठवण्यात आले. शिरढोणला त्यांचे स्मारक आहे.

पन्नास वर्षांनी प्रतिकाराचे रूप बदलले होते. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरणच्या बाजूला चिरनेरच्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. आगरी, कराडी आणि कातकरी गावकरी शेकड्यांनी जमले. पोलिसांच्या गोळीबारात आठ सत्याग्रही मारले गेले. मामलेदार जोशीही गोळी लागून ठार झाले. जंगलावरचा हक्क हा त्या सत्याग्रहाचा विषय होता, आणि जमीन कुणाची हा प्रश्न या पट्ट्यात त्यानंतर शमला नाही. कुळांच्या आणि लहान शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिलेला शेतकरी कामगार पक्ष कुलाबा जिल्ह्यात स्वातंत्र्यानंतर का इतका खोल रुजला, हे समजायला इथल्या खोती, शिलोत्री आणि जंगलकायद्याचा इतिहास पाहावा लागतो.

वाट परत आली ती मोटारींबरोबर. ठाण्याहून पुण्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग पनवेलवरून गेला, आणि मुंबई-गोवा महामार्गाचा प्रारंभ पनवेलजवळ पळस्पे फाट्याला झाला. तळकोकणात जाणारी एस.टी. पनवेल स्थानकात थांबल्याशिवाय पुढे जात नसे. गणपतीच्या दिवसांत त्या स्थानकावरची गर्दी कोकणी माणसाच्या दोन पिढ्यांनी पाहिली आहे. रेल्वेही आली. दिवा-पनवेल मार्ग १९६० च्या दशकात झाला, आपट्यावरून तो पुढे रोह्याला १९८६ मध्ये पोहोचला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी मुंबईची हार्बर लोकल पनवेलपर्यंत आली. रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना, तळोज्याला औद्योगिक वसाहत, कळंबोलीला पोलादाचा बाजार असे उद्योग उभे राहिले. कासाडी नदीने त्याची किंमत चुकती केली. तिच्या प्रदूषणाचा वाद हरित लवादापर्यंत गेला.

या सगळ्यापेक्षा मोठा बदल १७ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या सिडकोने केला. मुंबईला पर्याय म्हणून खाडीपलीकडे नवे शहर उभारायचे ठरले आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनासाठी घेतल्या गेल्या. ज्या खारी बांधायला पिढ्या लागल्या होत्या त्या मातीच्या भरावाखाली गेल्या. मोबदला तुटपुंजा होता. जासईचे दि. बा. पाटील यांनी या लढ्याचे नेतृत्व केले. १९५७ पासून पाच वेळा ते पनवेलचे आमदार झाले आणि दोन वेळा खासदार. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात झालेल्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या लढ्याचे फळ म्हणजे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचा निर्णय. १९९० मध्ये तो धोरण म्हणून स्वीकारला गेला आणि पुढे देशात इतरत्र झालेल्या भूसंपादनाच्या वादांत त्याचा दाखला दिला गेला. अंमलबजावणी रेंगाळली, गावठाणाबाहेरची गरजेपोटी बांधलेली घरे नियमित करण्याचा प्रश्न लोंबकळत राहिला, तरीही जमीन देणाऱ्याला तिच्या वाढत्या किमतीत वाटा मिळाला पाहिजे हे तत्त्व इथल्या शेतकऱ्यांनी पदरात पाडून घेतले.

सिडकोने खारघर, कामोठे, कळंबोली आणि नवीन पनवेल वसवले. जुने पनवेल नगरपालिकेकडे राहिले, नव्या वसाहती सिडकोकडे, मधली गावे ग्रामपंचायतींकडे. २०११ च्या जनगणनेत नगरपालिका हद्दीत १ लाख ८० हजार आणि तालुक्यात साडेसात लाख लोक होते. अखेर १ ऑक्टोबर २०१६ रोजी नगरपालिका, सिडको वसाहती आणि २९ गावे एकत्र करून पनवेल महानगरपालिका झाली. रायगड जिल्ह्यातली ती पहिली महानगरपालिका. २४ मे २०१७ रोजी ७८ जागांसाठी पहिली निवडणूक झाली आणि डॉ. कविता चौतमोल पहिल्या महापौर झाल्या. पहिल्या सभागृहाची मुदत २०२२ मध्ये संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. सिडकोकडून सेवा हस्तांतरित होत असताना मालमत्ता कर मागील काळापासून आकारण्याला नागरिकांनी दीर्घकाळ विरोध केला. सेवा एकाने दिली आणि कर दुसऱ्याने मागितला, ही त्यांची तक्रार होती.

आजच्या पनवेलवर किती अधिकारक्षेत्रे एकावर एक पडली आहेत ते पाहिले की कारभार कुठून चालतो हा दीडशे वर्षांपूर्वीचा जुना प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. महसूल आणि जिल्हा परिषद अलिबागला; तालुक्याचा कारभार प्रांत आणि तहसीलदारांकडे; शहर महानगरपालिकेकडे; पोलीस १९९४ पासून नवी मुंबईच्या आयुक्तालयाकडे; कोकण विभागाचे आयुक्त बेलापूरच्या कोकण भवनात. बाहेरच्या गावांचे नियोजन 'नैना' या नावाने पुन्हा सिडकोकडेच आले. रायगडच्या वाहनांना एमएच ०६ हा क्रमांक, पनवेलच्या वाहनांना एमएच ४६. विधानसभेचा पनवेल मतदारसंघ लोकसभेसाठी मावळ मतदारसंघात मोडतो, आणि त्यात उरण व कर्जतबरोबर घाटावरचे मावळ, पिंपरी आणि चिंचवडही येतात. बोरघाटाच्या दोन्ही बाजूंचे मतदार एकच खासदार निवडतात.

दरम्यान वाटा वाढतच आहेत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. तो कळंबोलीहून सुरू होतो. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी ते न्हावा-शेवा हा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू खुला झाला, आणि जुन्या मचव्यांचा मार्ग पुन्हा सरळ बंदर ओलांडून जाऊ लागला. पनवेल आणि उलवे यांच्या मधल्या खाडीकाठी उलव्याची टेकडी फोडून, उलवे नदीचा प्रवाह वळवून, भराव घालून विमानतळ बांधला गेला. दहा गावे त्यासाठी उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्याला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून भूमिपुत्रांनी मोर्चे काढले, मानवी साखळ्या केल्या, आणि राज्याच्या विधिमंडळानेही तसा ठराव केला. भराव, वळवलेली नदी आणि आक्रसलेली खाजणे यांमुळे गाढीच्या पुराचे पाणी आता कुठून वाट काढते, याकडे महानगरपालिका, सिडको आणि जलसंपदा विभाग या तिघांनाही दर पावसाळ्यात लक्ष ठेवावे लागते.